श्वासबाईंची बडबड

आमच्या घरात श्वास घ्यायला मला पूर्ण मोकळीक आहे. धरायचा कधी आणि किती वेळ, ते मात्र आमची ही ठरवते. हसण्यावारी नेऊ नका. खोटं वाटत असेल तर माझ्या लेकीला विचारा, ती चांगलं रंगवून सांगेल.

ही म्हणजे माझी बायको. मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एमआरआयचं यंत्र आहे, तिथे ती बावीस वर्षं माणसांच्या हृदयाची चित्रं काढते. तिथे तिला नावाने कोणी हाक मारत नाही. मोठ्या डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्या बाईपर्यंत सगळे श्वासबाई म्हणतात. मी लिफ्टचा मेकॅनिक. म्हणजे तिने माणसाला बोगद्यात घालायचं आणि मी माणसाला डब्यातून बाहेर काढायचं, असा आमचा संसार.

श्वासबाई का, ते सांगतो. हृदय एका जागी गप्प बसत नाही. त्यात छाती श्वासाने वरखाली होते. फोटो काढताना लहान मूल हललं की तोंडाच्या जागी नुसता पट्टा येतो ना, तसं हृदयाच्या चित्राचं होतं. ठोके काही थांबवता येत नाहीत. ते थांबले तर चित्र काढून दाखवणार कोणाला? मग उरला श्वास. म्हणून बोगद्यात पडलेल्या माणसाच्या कानात हिचा आवाज येतो, "श्वास घ्या. सोडा. आता धरा." माणूस बारा-पंधरा सेकंद धरतो, तेवढ्यात यंत्र ठणाणा करत हृदयाचा एक काप टिपतं. मग दुसरा काप, मग तिसरा. असं बारा-पंधरा वेळा. धडधाकट माणसाच्याही नाकी नऊ येतात, आणि इथे तर सगळे हृदयाचे आजारीच.

पण हिची खरी खोड वेगळीच. ती पेशंटबरोबर स्वतःचाही श्वास धरते. काचेच्या अलीकडे खुर्चीवर बसून, तोंड मिटून, अगदी प्रत्येक वेळी. मी एकदा म्हटलं, "अगं, तुझं चित्र काढायचंय का तिथे? घड्याळात बघ की सेकंद."

"घड्याळाला दम लागतो का?" ती म्हणाली. "मी ज्याला धर म्हणते, त्याला आत काय होतंय ते माझ्या छातीला कळायला नको? मला जड झालं म्हणजे त्याला त्याच्या आधीच झालेलं असणार. तेव्हाच सोडा म्हणायचं."

असा हट्टीपणा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हे धडे तिने कोणावर गिरवले, हे तुम्ही ओळखलं असेलच. यंत्र नवं आलं तेव्हा महिनाभर रोज संध्याकाळी मला पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत जमिनीवर आडवं घालायची. लेक सहा वर्षांची होती, तिला यंत्राचं काम. ती माझ्या डोक्याशी बसून पातेल्यावर चमचा बडवायची. आणि ही दाराआडून आवाज काढायची, "श्वास घ्या. सोडा. आता धरा." आवाज किती हळू, किती ठाम, दोन शब्दांत किती वेळ जाऊ द्यायचा, सगळं माझ्या छातीवर ठरलं. मी दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीसमध्ये लोळून आलेला माणूस, मला झोप लागायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

परिणाम असा झाला की तो आवाज कानावर पडला की माझी छाती आपोआप बंद पडते. घरातला आवाज नव्हे हं, कामाचा आवाज. घरातल्या आवाजाला तर मी कधीच दाद दिली नाही. एकदा जेवताना ती फोनवर कुठल्याशा नव्या मुलीला काम समजावत होती. "आधी श्वास घ्या म्हणायचं, मग सोडा, मग धरा, आणि मग बघायचं…" आणि बघत राहिली ती आपली, बोलत राहिली. मी इकडे तोंडात घास धरून लालबुंद. लेकीने पाठीत धपाटा घातला तेव्हा सुटलो. त्या दिवसापासून घरात "बाबांना सोडा" ही म्हणच पडली.

वीस वर्षं अशी मजेत गेली. मग दीड वर्षापूर्वी हॉस्पिटलात गणितबाई आल्या.

गणितबाई डॉक्टर नाहीत. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या, खांद्याला मोठी पिशवी आणि पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी यंत्रासाठी एक नवा प्रोग्रॅम बनवला होता. पेशंटने नेहमीसारखा श्वास घेत नुसतं पडून राहायचं. यंत्र सारखं थोडं थोडं टिपत राहणार, आणि कॉम्प्युटर मागाहून कुठला तुकडा कुठल्या श्वासातला, कुठल्या ठोक्यातला ते ओळखून सगळे तुकडे जुळवणार. फाडून टाकलेली चिठ्ठी जुळवावी तसं. शिवाय स्नायूतला मेलेला भाग दिसावा म्हणून एरवी शिरेत औषध टोचावं लागतं, तेही नको. औषधाशिवायच डाग कुठे आहे ते दाखवायचं. जगात ठिकठिकाणी अशा तऱ्हेचं काम चाललंय म्हणे, आणि या बाईंना त्यांची पद्धत आमच्या हॉस्पिटलात तपासून बघायची होती.

त्या संध्याकाळी घरात भांडी जरा जास्तच वाजली.

"श्वास धरायचाच नाही म्हणे," ही म्हणाली. झाकण आपटलं. "नुसतं पडून राहायचं म्हणे! मग मी काय करू? दाराशी बसून या-बसा करू?"

"बरं की मग. दम तरी लागणार नाही तुला."

"तुमच्या लिफ्टा उद्या आपल्याआप दुरुस्त व्हायला लागल्या तर बरं म्हणाल का?"

बरं म्हणालो नसतो, हे तिलाही माहीत होतं.

पंधरा दिवस तिने गणितबाईंशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मग एक दिवस गणितबाईंनी सहज सांगितलं की कॉम्प्युटरला हे जुळवणं काही आपोआप येत नाही, त्याला आधी हजारो चांगली चित्रं दाखवून शिकवावं लागतं. "आणि बाई, या हॉस्पिटलातली गेल्या दहा वर्षांची जी चित्रं आम्हाला दिली, ती निम्म्याहून जास्त तुम्ही काढलेली आहेत. तो तुमच्याच हाताखाली शिकलाय."

घरी येऊन हिने मला हे तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना म्हणाली, "तरीच! म्हटलं, चित्रातलं हे कडांचं काम कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय." गाडी रुळावर आली हे मी ओळखलं.

पण शिष्य आपला झाला म्हणून त्याचा कान सोडेल ती ही कसली! पुढचे काही महिने एकाच पेशंटची दोन्ही चित्रं काढून पाहायचं काम चाललं होतं, आधी जुन्या पद्धतीने श्वास धरून, मग नव्या पद्धतीने. एका निवृत्त पोस्टमनचं नव्या पद्धतीचं चित्र आलं ते इतकं देखणं की सगळे बघत राहिले. एकसारखी गुळगुळीत भिंत, कुठे डाग नाही. डॉक्टर वा वा म्हणाले. ही म्हणाली, "फार सुंदर आहे. मला नाही पटत."

"म्हणजे काय बाई?" गणितबाईंनी विचारलं.

"जन्मभर सायकल हाणलेल्या, एक झटका येऊन गेलेल्या माणसाचं हृदय असं नवरीसारखं नटलेलं नसतं. मघाशी मी श्वास धरून काढलेलं चित्र लावा बघू शेजारी."

लावलं. जुन्या चित्रात खालच्या बाजूला भिंत पातळ झालेली, बोटाच्या पेराएवढी जागा. नव्या चित्रात ती जागा भरून निघालेली. कॉम्प्युटरने चांगली हृदयं इतकी पाहिली होती की जिथे कळलं नाही तिथे त्याने चांगलंच असेल असं धरून चालून रंग भरला होता. चकाकतं ते सगळं सोनं नसतं, आणि इथे तर माणसाच्या जिवाशी गाठ. गणितबाईंचा चेहरा उतरला. पण बाई खमकी. रडत बसली नाही, चार महिने खपून तिने ती खोड काढली. जिथे खात्री नसेल तिथे चित्रात राखाडी ठिपके येतील, रंग भरला जाणार नाही, अशी सोय केली. आणि प्रत्येक चित्र आधी हिला दाखवायला लागली. तेव्हापासून दोघींचा चहा एकत्र.

ही म्हणायची, "चित्र थोडं कुरूप असलं की माझा विश्वास बसतो." माझ्याकडे बघून म्हणायची, ते सोडून द्या.

आता माझी पाळी येते. लिफ्टचं मशीन इमारतीच्या गच्चीवर असतं, आणि लिफ्ट बंद पडलेली असताना मेकॅनिकला तिथे पायऱ्या चढूनच जावं लागतं. चाळीस वर्षं चढलो. गेल्या वर्षी सातव्या मजल्यावर पहिल्यांदा खाली बसलो. मग पाचव्यावर. मग एक दिवस दुसऱ्यावर. मी कोणाला काही बोललो नाही, हत्यारांची पिशवी जड झालीय असं स्वतःला सांगत राहिलो. हिच्यापासून लपवणार किती? ती रोज लोकांचे श्वास मोजून खाणारी. एका सकाळी मी बुटाची नाडी बांधून उभा राहिलो, आणि ती म्हणाली, "चला."

"कुठे?"

"नाडी बांधायला तुम्हाला तीन श्वास जास्त लागले. चला."

हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं ते असं. माझ्या हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा भाग हलत नव्हता. केव्हातरी न कळता झटका येऊन गेला असावा. तीन नळ्या तुंबलेल्या. आता प्रश्न एकच होता. तो भाग मेलाय की नुसता झोपलाय? रक्त कमी पडलं की स्नायू कधीकधी काम थांबवून जीव धरून राहतो. तसं असेल तर बायपास करायची, रक्त मिळालं की तो जागा होईल, मी पुन्हा जिने चढेन. आणि मेलाच असेल, तर ऑपरेशनचा धोका पत्करून हाती काही लागणार नाही. मग गोळ्या, खुर्ची आणि खिडकी.

"आणि हे कळणार कसं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता हिच्याकडे बघितलं. अख्ख्या शहराला जिच्याकडे पाठवायचं, तिच्याच नवऱ्याला आता तिच्याकडे पाठवायचं होतं.

जुन्या पद्धतीने आधी प्रयत्न झाला. कपडे बदलण्याआधी हिने माझे खिसे तपासले, त्यातून दोन नट, एक वॉशर आणि एक छोटा पाना निघाला. ग्राइंडिंग करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा कण राहिलेला असू शकतो, आणि हे यंत्र म्हणजे भलंमोठं चुंबक, त्याच्याजवळ तो कण डोळा घेऊन जाईल, म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढवला. सगळं चोख. मग मी बोगद्यात, ही काचेपलीकडे. "श्वास घ्या. सोडा. आता धरा." धरला. चार सेकंद. पाचव्याला छाती फुटतेय असं वाटून भसकन सुटला. पुन्हा चार. पुन्हा तीन. चित्रं सगळी फिसकटलेली. आणि औषध टोचायची सोय नव्हती, कारण मूत्रपिंडंही कुरकुरत होती. हिच्या बावीस वर्षांच्या हुकमी आवाजाला घरचाच माणूस पुरला नाही. परतीच्या वाटेवर माझी पिशवी तिने उचलली, आणि मी ती उचलू दिली.

राहिली गणितबाईंची पद्धत. कागदावर सह्या झाल्या, हे संशोधन आहे, डॉक्टर सगळं जोडीने तपासून मगच ठरवतील वगैरे. मला भीती वाटत होती, पण हिची भीती माझ्यापेक्षा मोठी होती. ती दोन दिवस एकच घोकत होती, "सुंदर येऊ नये, एवढंच." कॉम्प्युटरने माझ्या मेलेल्या भिंतीला जिवंत रंग दिला आणि त्यावर विसंबून मला टेबलावर घेतलं, तर? हे तिने मला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं. लेकीने मला सांगितलं. आमच्याकडे गुपितं अशीच फिरतात.

त्या दिवशी सकाळी पुन्हा बोगदा. यंत्र गणितबाई बघणार होत्या, बोलायला ही. कानात आवाज आला, "नेहमीसारखा श्वास घेत राहा. काहीही धरायचं नाही."

आणि मी धरला!

काय करू सांगा? जित्याची खोड. तो आवाज, ती ठाम लय, आणि त्यात "श्वास" आणि "धरा"च्या घरातले शब्द. छातीने अर्थ लावलाच नाही, कुलूप घातलं. चार सेकंदांनी सुटला तो माशासारखा आ वासून. कॉम्प्युटर श्वासाची चाल ओळखून तुकडे जुळवणार, आणि इथे चाल म्हणजे थांबला, भसकन, थांबला, भसकन. गणितबाईंनी पहिला प्रयत्न टाकून दिला. दुसरा टाकला. हिचा आवाज दर खेपेला जास्त हळू, जास्त ठाम होत गेला, "मोकळा घ्या. अगदी मोकळा." आणि माझी छाती दर खेपेला जास्त इमानाने बंद. धरायचा होता तेव्हा धरवला नाही, आणि नको होता तेव्हा सुटेना. पडद्यावर माझ्या जागी नुसते राखाडी ठिपके.

"यांना काहीतरी त्रास होतोय," गणितबाई म्हणाल्या. माइकचं बटण दाबलेलं होतं, मला ऐकू आलं. "मी बोलून बघू का?"

त्या बोलल्या. गोड बोलल्या बिचाऱ्या. पण अंधार, तो ठणाणा, नाकापासून वीतभरावर छप्पर आणि कानात परकी बाई. चाळीस वर्षं दुसऱ्यांना डब्यातून काढलं, पण स्वतः कधी अडकलो नव्हतो. माझी जी पाचावर धारण बसली! छाती भात्यासारखी उडायला लागली. तेही चित्र गेलं.

"आणखी एकदा बघू, नाहीतर आज राहू दे," गणितबाई म्हणाल्या.

मी आतून म्हणालो, "ही कुठे गेली?"

मग हिचा आवाज आला. पण कामाचा नव्हे. घरातला.

"इथेच आहे, जाते कुठे! अहो, मोरीतला नळ गळतोय ते तुम्हाला किती वेळा सांगितलं? दुनियेच्या लिफ्टा दुरुस्त करता आणि घरचा एक वायसर बदलायला मुहूर्त लागतो. आणि काल ती तुमची निळी चौकड्यांची बनियन मी फेकून दिली. हो, फेकली. भोकं जास्त आणि कापड कमी."

आधी मला कळेचना हे काय चाललंय. मग कळलं. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की मी त्याला घाबरू नका असं कधी म्हणत नाही. तसं म्हटलं की माणूस हमखास घाबरतो. मी फटीतून विचारतो, आज जेवायला काय होतं, मुलगी कितवीत आहे, हे बूट कुठे घेतले. तो बोलण्याच्या नादात श्वास घ्यायला लागतो आणि मी वर जाऊन हाताने चाक फिरवतो. यावरून ही मला आयुष्यभर चिडवत आली, गप्पा ठोकायला जाता की लिफ्ट काढायला? आता तीच युक्ती तिने माझ्यावर चालवली होती, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"तुमच्या बहिणीचा फोन आला होता," बडबड चालूच. "तिला म्हटलं, बोगद्यात जायचेत, नंतर कर. तर म्हणते, वहिनी, घाट कुठला? आता हिला काय सांगायचं! आणि त्या समोरच्यांनी जिन्यात पुन्हा सायकल लावलीय…"

मी सवयीने मनातल्या मनात हं म्हणायला लागलो. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, या आवाजावर मी पेपर वाचलाय, दाढी केलीय, बसल्या बसल्या घोरलोय. या आवाजाला माझा श्वास कधीच अडला नाही. हळूहळू खांदे सैल पडले. यंत्र ठणाणा करत होतं आणि मी निळ्या बनियनचा विचार करत पडलो होतो. चांगली होती हो ती.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. दहा मिनिटं असतील. नळ झाला, सायकल झाली, लेकीच्या नव्या घराचे पडदे झाले. आणि पडद्यांच्या अर्ध्यात ती बोलायची थांबली.

यंत्रही थांबलं होतं. गणितबाईंच्या कॉम्प्युटरने चित्र जुळवलेलं असणार. ते आता तिच्यासमोर असणार.

मी वाट बघितली. कानात काही नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, कुजबुज नाही. बत्तीस वर्षांत ही अर्ध्या वाक्यात थांबलेली मला आठवत नव्हती. मी मनात म्हटलं, संपलं. खुर्ची आणि खिडकी. आणि खरं सांगतो, मला माझं नाही वाईट वाटलं, मला तिचं वाटलं. हजारो माणसांचं तिने आधी पाहिलं आणि तोंडावर काही दिसू दिलं नाही, आता तिला माझं बघावं लागत होतं.

मग एक आवाज आला. ती बोलली नव्हती. तिचा अंगठा बटणावर तसाच राहिला होता, म्हणून मला ऐकू आला. एक श्वास सुटला. लांब, थरथरता, आतून पार रिकामा करणारा. इतका वेळ ती तोंडाने बडबडत होती खरी, पण चित्र उमटायला लागताच बोलणं थांबवून तिने स्वतःचा श्वास धरला होता. बावीस वर्षं तिने लोकांना सोडा म्हटलं, आणि तिचा स्वतःचा सुटलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"अहो," ती म्हणाली. आवाज पार चिरकला. "अहो, चित्र काही सुंदर नाहीये हो."

"म्हणजे?"

"खाली कोपऱ्यात डाग आहे. एवढासा. वेडावाकडा. तिथे आपलं गेलंय." आणि मग रडत, हसत, सगळं एकदमच, "बाकीचं सगळं झोपलंय नुसतं. मेली भिंत मेलेली नाहीये."

मागे गणितबाई म्हणत होत्या की डॉक्टर बघतील, सही करतील, मगच काय ते. बरोबर आहे त्यांचं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी इतर तपासण्यांशी जोडून पाहिलं आणि तेच सांगितलं, आणि तीन आठवड्यांनी माझी बायपास झाली. परवा मी चार मजले चढलो, पिशवीसकट. वर पोचून जरा बसलो, ते वयामुळे.

पण ते मागाहून. त्या घटकेला मी बोगद्यातच होतो, डोळ्यांतून पाणी कानांकडे चाललेलं, आणि हात उचलायची सोय नाही. माझा जीव भांड्यात पडला होता, पण तिचं काय चाललंय ते कळेना. हुंदके येत होते, श्वास अडकत होता. मग बावीस वर्षांत मला कधी न मिळालेली संधी मी घेतली. अगदी हळू, अगदी ठाम, दोन शब्दांत हवा तेवढा वेळ जाऊ देत म्हणालो, "श्वास घ्या, बाई. सोडा."

पलीकडून तिने घेतला. सोडला.

"आता धरायचा नाही," मी म्हटलं.

"नाही धरत," ती म्हणाली. "बाहेर या. नळ गळतोय."